वेबसाइट कंपनीनं मला १,६६,५३९ रुपयांना टोपी घातली

१,६६,५३९ रुपये. आकडा शेवटच्या रुपयापर्यंत लिहितेय, कारण पोलीस ठाण्यात मला "दीडेक लाख ना मॅडम?" असं विचारलं गेलं आणि डोक्यात तिडीक गेली. दीडेक नाही. वेबसाइटचे ९२,०४०, डोमेन-होस्टिंगचे (साइटचा इंटरनेटवरचा पत्ता आणि ती ठेवायची जागा) २४,५००, एसईओचे (गूगलच्या शोधात साइट वर आणण्याचे) ४५,००० आणि ४,९९९ एका सरकारी नोंदणीचे, जी सरकार फुकट करून देतं. माझ्याकडे बँकेचं स्टेटमेंट आहे, त्यांची बिलं आहेत, व्हॉट्सॲपवरची सगळी गोडगोड बोलणी आहेत. फक्त पैसे नाहीत, आणि माझ्या व्यवसायाच्या नावाचं डोमेन नाही.

कंपनीचं नाव विचारू नका. प्रकरण ग्राहक आयोगात आहे, वकिलांनी तोंड आवरायला सांगितलंय. तसाही नावाचा काय उपयोग? हे लोक दर वर्षी नवी पाटी लावतात.

आधी माझ्याबद्दल थोडं, नाहीतर "शिकलेल्या बायका कशा काय फसतात" हे पुन्हा ऐकावं लागेल. (घरात ऐकून झालंय.) मी एका मोठ्या कंपनीच्या खरेदी विभागात कित्येक वर्षं होते. नवा व्हेंडर आला की त्याचं पॅन, जीएसटी प्रमाणपत्र, कॅन्सल्ड चेक, कंपनी नोंदणी तपासायची आणि त्याला सिस्टीममध्ये घ्यायचं की नाही ते ठरवायचं, हे माझं काम. हो, हेच काम. हसून घ्या.

मग रीस्ट्रक्चरिंग आलं. जिचा इंटरव्ह्यू मी घेतला होता त्याच एचआरच्या मुलीनं व्हिडिओ कॉलवर कागद वाचून दाखवला, आणि संध्याकाळपर्यंत माझा ईमेल बंद. पुढे फुल अँड फायनलची रक्कम खात्यात आली: नोटीस पे, ग्रॅच्युइटी, शिल्लक रजा. ज्यांची नोकरी गेलीय त्यांना हे कळेल, त्या पैशाचं काहीतरी विचित्र असतं. तो पगार वाटत नाही आणि बचतही वाटत नाही. खात्यात नुसता पडून राहिला की आपणच रिकामे बसलोय असं वाटतं. त्याला कामाला लावलं म्हणजे आपणही कामाला लागलो, असा काहीतरी हिशोब मन करतं. आणि दिवसभर फोन न वाजण्याची ती जी शांतता असते ना, तिच्यात कोणीही "मॅडम, तुमचा अनुभव फार मोठा आहे" म्हटलं तरी माणूस उठून बसतो.

मी लिंक्डइनवर फोटोभोवती ते 'काम शोधतेय' सांगणारं हिरवं वर्तुळ लावलं आणि एक पोस्ट टाकली, की छोट्या कारखान्यांना खरेदी आणि पुरवठ्याबाबत सल्ला देण्याचा व्यवसाय सुरू करतेय. फोन लगेच आला. आज मला स्वच्छ दिसतंय की ते हिरवं वर्तुळ या लोकांसाठी जाहिरात असते: हिची नोकरी ताजी गेलीय, हातात एकरकमी पैसा आलाय, हिला घाई आहे आणि हिच्यामागे आता लीगल डिपार्टमेंट नाही. फोनवर आधी "मॅडम" होतं, दुसऱ्या दिवशी "ताई". "ताई, तुम्ही माझ्या मोठ्या बहिणीसारख्या. तुमच्याकडून मी नफा घेणार नाही."

नफा घेणार नाही म्हणणारा व्हेंडर मी नोकरीत असताना पाच मिनिटांत उठवला असता.

पॅकेज ७८,००० चं. त्यावर १८ टक्के जीएसटी १४,०४०. एकूण ९२,०४०. निम्मे आधी, निम्मे "डिझाइन अप्रूव्हल" नंतर, म्हणजे ४६,०२० आणि ४६,०२०. "बेस्पोक कोडिंग ताई, रेडीमेड काही नाही. शून्यापासून बांधणार." नमुन्यादाखल बारा-पंधरा साइट दाखवल्या, सगळ्या चकचकीत. त्यातल्या एकाही मालकाला मी फोन केला नाही. कारण त्या साइटवर फोन नंबरच नव्हते, नुसता संपर्काचा फॉर्म. तुम्ही कराल तेव्हा हे करा: नमुन्यातल्या दोन व्यवसायांचे नंबर वेगळीकडून शोधा आणि मालकाशी बोला. कंपनीनं जोडून दिलेल्या मालकाशी नको.

आता त्या बिलाबद्दल. हा भाग लिहिताना अजून हात शिवशिवतात.

प्रोफॉर्मा इन्व्हॉइस आलं. वर मोठ्या अक्षरात नाव, पुढे "प्रायव्हेट लिमिटेड". खाली पंधरा अक्षरांचा जीएसटी क्रमांक. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगते: त्या क्रमांकाची पहिली दोन अक्षरं राज्याचा कोड असतात आणि पुढची दहा म्हणजे त्या व्यवसायाचं पॅन. पॅनमधलं चौथं अक्षर सांगतं की धारक कोण आहे. कंपनी असेल तर 'सी', भागीदारी फर्म असेल तर 'एफ', एकटी व्यक्ती असेल तर 'पी'. म्हणजे जीएसटी क्रमांकातलं सहावं अक्षर बघितलं की समोर कंपनी आहे की एकटा माणूस, ते एका क्षणात कळतं. ही सवय माझ्या डोळ्यांना इतक्या वर्षांची आहे की मी मुद्दाम बघत नाही, ते आपोआप दिसतं.

आणि ते दिसलं. सहावं अक्षर 'पी'. वर प्रायव्हेट लिमिटेड, खाली 'पी'. लेटरहेडवर सीआयएन, म्हणजे कंपनीचा नोंदणी क्रमांक, नव्हता, खरं तर कंपनी कायद्यानुसार तो प्रत्येक बिलावर असावा लागतो. खात्याचं नावही कोणा व्यक्तीचं, बचत खातं.

मी विचारलं. हे मी ठासून सांगते, मी विचारलं! उत्तर तयार होतं: "ताई, प्रोप्रायटरीतून कंपनीत कन्व्हर्जन चाललंय, सीए काम करतोय, पुढच्या बिलावर नवा नंबर येईल." आता हे अगदीच अशक्य नसतं. असे व्हेंडर मी पाहिलेत. फरक एवढाच की ऑफिसात मी लिहायचे, "कागद पूर्ण होईपर्यंत पेमेंट होल्ड," आणि होल्ड करणारी एक सिस्टीम होती, ती माझ्याही हातात नसायची. घरी डायनिंग टेबलावर बसून स्वतःचं पेमेंट स्वतःच होल्ड करायचं, तेही समोरचा "आज ॲडव्हान्स आला तरच टीम लावतो, उद्यापासून स्लॉट नाही" म्हणत असताना, हे ज्यांना जमतं त्यांना माझा नमस्कार. मी ४६,०२० पाठवले. यूपीआयनं. क्रेडिट कार्डानं दिले असते तर निदान बँकेकडे चार्जबॅक, म्हणजे व्यवहार उलटवून पैसे परत, तरी मागता आला असता, त्यांनी कार्ड घेतलंच नाही, "दोन टक्के जास्त पडतात ताई."

जो कार्ड घेत नाही त्याला मोठी रक्कम देऊ नका. एवढं एक वाक्य भिंतीवर लिहून ठेवा.

नंतर, म्हणजे सगळं झाल्यावर, मी जीएसटीच्या संकेतस्थळावर तो क्रमांक टाकला. स्थिती: रद्द. माझं पहिलं पेमेंट होण्याच्या बऱ्याच आधीपासून रद्द. माझ्याकडून जीएसटी म्हणून घेतलेले १४,०४० सरकारकडे गेलेलेच नाहीत. ते तपासायला लॉगिन लागत नाही, पैसे लागत नाहीत.

पुढचे पैसे भराभर गेले. डोमेन, होस्टिंग आणि एसएसएल, तीन वर्षांसाठी, ४,५०० + १३,५०० + ६,५००. त्यातलं एसएसएल प्रमाणपत्र (साइटशी होणारी देवाणघेवाण सुरक्षित ठेवणारं) लेट्स एन्क्रिप्ट नावाच्या संस्थेचं निघालं, जी ते फुकट देते. 'एमएसएमई प्रमाणपत्रा'चे ४,९९९; उद्यम नोंदणी, म्हणजे छोट्या उद्योगांची ही नोंदणी, सरकारी पोर्टलवर पूर्णपणे मोफत आहे, आधार आणि पॅन घेऊन घरबसल्या होते. मला ते माहीत नव्हतं, कारण मी आयुष्यभर नोकरी केली. व्हेंडरांची उद्यम प्रमाणपत्रं फाइलला लावली, पण ती मिळतात कशी याच्याशी संबंध कधी आला नाही.

आणि एसईओ. महिन्याला १५,००० प्रमाणे तीन महिने, आगाऊ. "गूगलच्या पहिल्या पानावर, लेखी हमी." खुद्द गूगलनं स्पष्ट लिहून ठेवलंय की पहिल्या क्रमांकाची हमी कोणीही देऊ शकत नाही. पण रिपोर्ट मात्र यायचे, रंगीत, हिरव्या बाणांचे. दहा शब्दांसाठी पहिला क्रमांक! मी आनंदानं नवऱ्याला दाखवलं. त्यानं शांतपणे ते दहा शब्द वाचले. सगळ्यांत माझ्या व्यवसायाचं पूर्ण नाव होतं. जगात दुसरं कोणी ते नाव वापरत नाही, मग त्या नावाला पहिला क्रमांक माझा नाहीतर कोणाचा येणार? 'खरेदी सल्लागार' किंवा 'कारखान्यांसाठी पुरवठा व्यवस्थापन' असं शोधलं की मी दहाव्या पानावरही नव्हते. असा रिपोर्ट आला तर एकच विचारा: ज्यानं माझं नाव कधीच ऐकलं नाही, तो काय टाइप करेल, आणि त्यात मी कुठे आहे?

वेबसाइट तयार झाली म्हणे. 'शून्यापासून बांधलेली.' भाच्यानं ब्राउझरमध्ये पानाचा सोर्स उघडला आणि 'थीम्स' या शब्दापुढचं नाव वाचलं. ती कोणालाही काही डॉलरांत विकत मिळणारी वर्डप्रेसची (साइट बनवायच्या सॉफ्टवेअरची) तयार थीम, म्हणजे रेडीमेड साचा होती. वर्डप्रेस स्वतः मोफत आहे, आणि थीम वापरण्यात गैर काही नाही, अर्ध्या जगाच्या साइट तशाच असतात. पण मग ७८,००० कशाचे? संपर्काच्या पानावर थीमसोबत आलेला परदेशातला नकली पत्ता तसाच होता. आणि यांनी ती थीमही विकत घेतली नव्हती, चोरीची प्रत टाकली होती. चोरीच्या थीममध्ये अनेकदा कोणीतरी आपलं काहीतरी पेरून ठेवलेलं असतं.

ते उगवलं तेव्हा मला एका कारखानदाराचा फोन आला. माझा जुना व्हेंडर, मला मानणारा माणूस. मी मोठ्या हौसेनं त्याला लिंक पाठवली होती. म्हणाला, "मॅडम, राग मानू नका, पण मोबाइलवर तुमची साइट उघडली की जुगाराचं पान येतंय." मी लॅपटॉपवर बघत होते, तिथे सगळं ठीक दिसत होतं. फक्त मोबाइलवरून, फक्त बाहेरून येणाऱ्याला ते पान दिसायचं. किती जणांनी ते पाहिलं आणि मला न सांगता माझ्याबद्दल काय ठरवलं, ते मला कधीच कळणार नाही. पैशापेक्षा हे जास्त टोचतं.

मी त्यांच्याकडे ॲडमिन लॉगिन मागितलं. दिलं. ते 'एडिटर' दर्जाचं होतं: मजकूर बदलता येतो, पण थीमला, प्लगिनला, बॅकअपला हात लावता येत नाही. 'ॲडमिनिस्ट्रेटर' हा शब्द दिसल्याशिवाय लॉगिन मिळालं असं समजू नका. मग डोमेन मागितलं. तेव्हा समजलं की ते माझ्या नावावर नाहीच. "आम्ही सांभाळतो ताई, तुम्हाला कशाला टेक्निकल डोकेदुखी," असं सुरुवातीलाच म्हणाले होते आणि मला ते सोयीचं वाटलं होतं. डोमेन दुसऱ्याच्या नावावर असणं म्हणजे आपल्या पैशानं घर बांधून सातबारा बिल्डरच्या नावावर ठेवणं. भिंतींचा रंग तुम्ही निवडा, घर त्याचं.

आधी सांगितलं, "आयकॅनचा ६० दिवसांचा नियम आहे, ट्रान्सफर होत नाही." नियम खरा आहे (आयकॅन म्हणजे जगभरातल्या डोमेन नावांचे नियम ठरवणारी संस्था), पण तो नव्या डोमेनला एका रजिस्ट्रारकडून, म्हणजे डोमेन नोंदवणाऱ्या कंपनीकडून, दुसऱ्याकडे नेण्याबद्दल आहे. त्याच रजिस्ट्रारकडे माझं खातं उघडून डोमेन त्यात ढकलायला तो सहसा आड येत नाही. हे मला वाचून वाचून कळलं. साठ दिवस उलटल्यावर नवा सूर: 'डोमेन रिलीज चार्जेस' ३५,०००. ते मी दिले नाहीत. तोवर आयकॅनच्या शोधपानावर डोमेनची माहितीही पाहून झाली होती: तीन वर्षांचे पैसे घेऊन नोंदणी एकाच वर्षाची केलेली.

डोमेन स्वतः घ्या. स्वतःच्या ईमेलनं, स्वतःच्या कार्डानं, साधं डॉट कॉम वर्षाला हजाराच्या आसपास. डिझायनरला फक्त प्रवेश द्या, मालकी नको. आणि करारात लिहून घ्या की डिझाइन आणि कोडचे हक्क तुमच्याकडे आले, कारण कॉपीराइट कायद्यानुसार हक्कांचं हस्तांतरण लेखीच असावं लागतं. पैसे दिले म्हणून ते आपोआप तुमचं होत नाही.

आता तक्रारींची कथा. इथे रक्तदाब वाढतो.

१९३० वर, सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला, फोन केला. "ओटीपी कोणी मागितला का? लिंक आली होती का? पैसे तुम्ही स्वतःच पाठवलेत ना?" हो, स्वतःच पाठवले. "मग सेवा तर मिळालीये मॅडम." जुगाराची साइट ही कोणती सेवा? बँकेत गेले. त्यांनी रिझर्व्ह बँकेच्या २०१७ च्या परिपत्रकाकडे बोट दाखवलं, ते तुमच्या परवानगीशिवाय झालेल्या व्यवहारांसाठी आहे, तुम्ही परवानगी दिली होती. म्हणजे चोरानं खिशातून काढले असते तर दाद होती, त्यानं हात जोडून मागितले म्हणून नाही.

पोलीस ठाण्यात म्हणाले, हा दिवाणी वाद आहे. सायबरकडे जा. सायबरवाले म्हणाले, कंपनी दुसऱ्या हद्दीत आहे, तिकडे जा. मी भारतीय न्याय संहितेच्या कलम ३१८ चं नाव काढलं, फसवणूक. नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३ प्रमाणे हद्द कोणतीही असो, दखलपात्र गुन्ह्याची माहिती नोंदवून घ्यावीच लागते, हेही सांगितलं. साहेब म्हणाले, "कलमं आम्हाला शिकवता का?" मी कलमं शिकवत नव्हते, फक्त मोठ्यानं वाचत होते. शेवटी एक साधा अर्ज घेतला, पोच देताना शिक्का उमटेना म्हणून तोही पुसट. रद्द जीएसटी क्रमांकावर बिल, नसलेल्या कंपनीचं लेटरहेड, एका वर्षाच्या डोमेनचे तीन वर्षांचे पैसे, यात सुरुवातीपासूनचा फसवण्याचा हेतू दिसत नसेल तर तो दिसायला काय लागतं? चाकू?

ठाण्यात नोंद होत नसेल तर तीच तक्रार टपालानं पोलीस अधीक्षकांना पाठवा. कायद्यात तशी सोय आहे, आणि पुढे दंडाधिकाऱ्यांकडे अर्ज करता येतो. मी पाठवलीय. पोचपावती आली, बाकी काही नाही. जीएसटी विभागाकडेही १४,०४० बद्दल लिहिलं, तिथून एवढंही नाही.

रजिस्ट्रार म्हणाला, आमचा ग्राहक ती कंपनी, तुम्ही कोण? डोमेन वादासाठी जागतिक बौद्धिक संपदा संघटनेकडे जाता येतं, पण तिथे ट्रेडमार्कचा हक्क दाखवावा लागतो आणि एका पंचासाठी शुल्क १,५०० डॉलर. हजार रुपयांच्या डोमेनसाठी!

१९१५ वर, राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनला, तक्रार नोंदली. नम्र लोक होते, कबूल करते. त्यांनी कंपनीला कळवलं, कंपनीनं उत्तर दिलं नाही, तक्रार बंद. हेल्पलाइन फक्त मध्यस्थी करते, कोणावर सक्ती करू शकत नाही. म्हणजे जो उत्तरच देत नाही तो सुटला.

मग जिल्हा ग्राहक आयोग. इथे एक गोष्ट नीट ऐका, यावर तुमची तक्रार अडवली जाईल. ग्राहक संरक्षण कायदा २०१९ मध्ये 'व्यावसायिक कारणासाठी' सेवा घेणारा ग्राहक धरला जात नाही. मलाही खिडकीवर हेच ऐकवलं: वेबसाइट धंद्यासाठी ना, मग तुम्ही ग्राहक नाही. पण त्याच व्याख्येखाली स्पष्टीकरण आहे, की केवळ उदरनिर्वाहासाठी, स्वयंरोजगार म्हणून वस्तू घेऊन वापरली असेल तर ते व्यावसायिक कारण समजू नये. त्यात सेवेचा उल्लेख नाही, पण तेच तत्त्व सेवेलाही लागू व्हावं असा माझा मुद्दा. तक्रारीच्या पहिल्याच परिच्छेदात मी ते घातलं, सोबत माझ्या जुन्या कंपनीचं नोकरीवरून कमी केल्याचं पत्र जोडलं. ते पत्र फाडून टाकावंसं वाटलं होतं. ठेवलं ते बरं झालं. तुम्हीही ठेवा. तक्रार तुम्ही राहता तिथल्या आयोगात करता येते, कंपनीच्या गावी जावं लागत नाही. दिलेली रक्कम पाच लाखांपर्यंत असेल तर शुल्क शून्य, आणि मुदत दोन वर्षांची. व्हॉट्सॲप चॅट आजच एक्सपोर्ट करून ठेवा. माझ्या 'भावानं' मेसेज डिलीट करायला सुरुवात केली होती, मी स्क्रीनशॉट आधीच काढले होते.

मागणी केलीय: १,६६,५३९ परत, त्यावर व्याज, डोमेन माझ्या नावावर, आणि मानसिक त्रासाची भरपाई. तक्रार दाखल करून घेतली, नोटीस निघाली. ती नोटीस बिलावरच्या पत्त्यावर गेली आणि 'पत्ता सोडून गेले' असा शेरा घेऊन परत आली. आता कार्यालय म्हणतं, विरुद्ध पक्षाचा सध्याचा पत्ता तक्रारदारानं द्यावा. त्याचा फोन अजून लागतो, व्हॉट्सॲपवर नव्या नावाची नवी कंपनी आहे, बँक खातं चालू आहे, आणि त्या खात्याला जोडलेला पत्ता बँकेकडे आहे. बँक तो मला देणार नाही, ग्राहकाची गोपनीयता. पोलिसांना देईल. पोलिसांचं काय, ते वर लिहिलंच आहे.